काळी तार

पिथमपूरला बाहाची चार तासांची एन्ड्युरन्स शर्यत संपते तेव्हा कितीतरी गाड्या दोरीला बांधून परत आणल्या जातात. एखादीचा सस्पेन्शन आर्म वाकलेला असतो, एखादीचं चाक तिरकं लोंबत असतं. काय झालं हे कुणाला विचारावं लागत नाही. मी ज्या गाडीबद्दल लिहितो आहे तिचं मात्र काहीच मोडलं नव्हतं. चारही चाकं सरळ, टाकीत पेट्रोल, इंजिनात तेल. तरी शर्यतीची अठ्ठेचाळीस मिनिटं बाकी असताना ती जागीच थांबली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिनीअरिंगच्या मुलांनी एका माणसाची, कुठल्याही रानावनात चालेल अशी गाडी स्वतः आखायची, स्वतः वेल्डिंग करून उभी करायची आणि स्वतः पळवायची, असा हा खेळ. १९७६ साली अमेरिकेत साउथ कॅरोलायना विद्यापीठात तो सुरू झाला. आपल्याकडे २००७ पासून ‘बाहा एसएईइंडिया’ पिथमपुराशी जोडलेली आहे. इंदूरहून राऊ-महूच्या बाजूनं निघालं की पुढं धार जिल्ह्यात नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचं भलंमोठं आवार लागतं. तिथला ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक जून २०२१ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांच्या हस्ते सुरू झाला आणि वर्तमानपत्रांत गाजला. पण त्या गुळगुळीत रस्त्याशी बाहाच्या गाड्यांना कर्तव्य नसतं. त्यांच्या वाट्याला दगड, ओंडके, खड्डे आणि माळव्याची काळी माती.

मी इंदूरचा, नोकरी पिथमपूरच्या एका कारखान्यात, मेंटेनन्सला. महाराष्ट्रातल्या एका कॉलेजच्या टीममध्ये माझ्या मित्राची मुलगी होती, म्हणून मी कुंपणाबाहेर उभा होतो. गाडीला हात फक्त मुलांनीच लावायचा असतो आणि ते योग्यच आहे. शर्यतीच्या रात्री मुलांनी लॉगबुक, मोबाइलमधल्या फोटोंवरच्या वेळा आणि प्रत्येकाची आठवण ताडून पाहत हा क्रम लावला. मी शेजारी बसून उतरवून घेतला. वायरिंगचा बिघाड आला की मी पहिल्यांदा एकच विचारतो: शेवटचा हात कुठं लागला होता? तो हात आदल्या संध्याकाळी लागला होता.

संध्याकाळी ७:४२ (गाडी थांबण्याच्या साडेसतरा तास आधी)

पिट बंद व्हायला वीसेक मिनिटं होती आणि ब्रेक लाइट लागत नव्हता. ब्रेक लाइट नाही म्हणजे सकाळी ट्रॅकवर सोडणार नाहीत. इलेक्ट्रिकल सांभाळणारी मुलगी, माझ्या मित्राची लेक, मल्टिमीटर घेऊन पुढच्या बाजूला वाकली. ब्रेक ऑइलच्या दाबावर चालणारा छोटा स्विच ठीक होता, बॅटरीही ठीक. दिवसभराच्या उड्यांनी स्विचवरचं थिंबल सैल झालं होतं आणि तिथून मागं जाणारी वायर आतल्या आत तुटली होती. वरून आवरण अखंड, आत तांबं तुटलेलं. दोन टोकांना मीटर लावल्याशिवाय हे कळत नाही. तिनं ते चार मिनिटांत शोधलं.

नवी वायर टाकायची ठरली. ती ड्रायव्हरच्या पाठीमागच्या फायरवॉलमधून इंजिनाच्या बाजूला न्यायची होती. फायरवॉल म्हणजे ड्रायव्हर आणि इंजिन यांच्यामधला पत्रा. त्यातल्या भोकात रबरी ग्रोमेट बसवलेला होता आणि त्यातून एकच काळी वायर जात होती, किल स्विचची. नव्या वायरचा कनेक्टर ग्रोमेटमधून जाईना. मेकॅनिकलच्या एका मुलानं ग्रोमेट ब्लेडनं कापून काढला, दोन्ही वायरी भोकातून ओढल्या आणि दोन केबल टायनी घट्ट आवळल्या. ब्रेक लाइट लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ७:५८ चा फोटो आहे: लाल दिवा पेटलेला, भोवती पाच दमलेले, हसरे चेहरे. फोटोत खालच्या कोपऱ्यात टूलबॉक्सच्या झाकणावर कापलेला ग्रोमेट दिसतो.

ही दुरुस्ती मी वाईट म्हणणार नाही. निदान अचूक होतं, वायर चांगली होती, सोल्डर स्वच्छ होतं. पत्र्याची कड तेवढी उघडी राहिली, आणि टाय इतके आवळले की वायरीला ढील उरली नाही. ताणलेली वायर त्या कडेवर टेकून राहिली.

रात्री ११ (चौदा तास आधी)

इंदूरला लॉजवर दुसऱ्या दिवसाची यादी तयार झाली. बोल्ट, टायरची हवा, बेल्ट, ब्रेक ऑइल, स्टिअरिंग, चेन, हार्नेसचे पट्टे. प्रत्येकापुढं कोण तपासणार आणि कितीचा टॉर्क द्यायचा हे लिहिलेलं. मी ती यादी नंतर पाहिली; एखाद्या कारखान्यात लावावी अशी होती. सगळ्यात खाली एक ओळ: ‘इलेक्ट्रिकल – ओके’. ना जागा, ना माप, ना तपासणाऱ्याचं नाव. मेकॅनिकलच्या मुलांना बोल्ट दिसतो, करंट दिसत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच कार्यशाळांत हेच चालतं आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण एवढी हुशार मुलं या एका ओळीपाशी हरतात.

सकाळी ७:१५ (सहा तास आधी)

जानेवारीतली माळव्यातली सकाळ. सीटवर, पाइपांवर दव साचलेलं. दोरी ओढली, इंजिन चालू होईना. पाचव्या ओढीला, चोक पूर्ण ओढल्यावर पकडलं. कुणीतरी लॉगबुकात लिहिलं, ‘थंडी’.

रात्री यावरून वाद झाला. काहींचं म्हणणं, ही पहिली सूचना होती. मला तसं वाटत नाही. गार इंजिन चोकशिवाय घेत नाही, त्यात नवल काही नाही. बिघाड कळल्यावर मागं वळून पाहिलं की प्रत्येक खोकला त्याचाच वाटू लागतो. शोध घेणाऱ्यानं असे खोटे साक्षीदार बाजूला काढायला हवेत.

सकाळी ९:२० (जवळपास चार तास आधी)

रांगेत गाड्या लागल्या. किल स्विचची चाचणी झाली. एक स्विच ड्रायव्हरच्या हाताशी, दुसरा गाडीच्या बाहेरच्या बाजूला. गाडी उलटली तर धावत येणाऱ्या मार्शलनं तो दाबायचा. दोन्ही दाबून पाहिले, दोन्ही वेळा इंजिन बंद पडलं. पास.

ही चाचणी काय सांगते आणि काय सांगत नाही हे नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं इथंच अडकलेलं आहे.

त्या शर्यतीत सगळ्या टीमना एकाच जातीचं इंजिन होतं: ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं, एका सिलिंडरचं, हवेनं थंड होणारं, ३०५ सीसी, १० अश्वशक्तीचं. त्याला ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. फ्लायव्हीलच्या कडेला लोहचुंबक बसवलेला असतो. फ्लायव्हील फिरलं की तो चुंबक कॉइलच्या पायांसमोरून जातो आणि कॉइलच्या आतल्या जाड तारेच्या वेढ्यांत करंट उभा राहतो. नेमक्या क्षणी तो करंट तोडला जातो. तुटल्याबरोबर बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत हजारो व्होल्टचा दाब तयार होतो आणि प्लगच्या टोकाशी ठिणगी उडते. चुंबक आणि कॉइल यांच्यातलं अंतर जेमतेम पाव-तृतीयांश मिलिमीटर. मेकॅनिक मध्ये एक व्हिजिटिंग कार्ड सरकवून ते लावतात, आणि ते बरोबर बसतं.

हे इंजिन बंद कसं करायचं? कॉइलमधून एक वायर बाहेर काढलेली असते. ती इंजिनाच्या किंवा चासीच्या धातूला टेकवली की तुटायचा करंट तुटतच नाही, त्याला सरळ अर्थची वाट मिळते. ठिणगी संपते. घरातला दिवा वायर जोडली की लागतो आणि तोडली की विझतो. इथं वायर मोकळी असेल तर इंजिन चालतं, आणि अर्थला लागली की मरतं. किल स्विच एवढंच करतो, दाबला की काळी वायर चासीला जोडतो.

म्हणून या वायरचे बिघाड दोन तऱ्हांचे. ती तुटली तर इंजिन बंदच करता येत नाही. आणि तिचं आवरण खरवडून आतलं तांबं कुठंही चासीला लागलं, तर कुणी स्विच न दाबताच इंजिन बंद पडतं. सकाळची चाचणी पहिला बिघाड नाही एवढंच सांगते. दुसऱ्याबद्दल ती मुकी असते. कॉइलच्या टोकाला वायर सुटी करून, स्विच ‘चालू’वर ठेवून, मीटर बीपवर लावून एकानं वायर धरायची आणि दुसऱ्यानं ती टोकापासून टोकापर्यंत हलवत जायचं, तेव्हा तो सापडतो. कुठंही बीप आलं की तिथं बॉडी शॉर्ट. दोन माणसं, तीन मिनिटं.

सकाळी १०:०० (तीन तास बारा मिनिटं आधी)

झेंडा पडला. धुळीत सुरुवातीचं काही दिसलं नाही. दोन फेऱ्यांनी गाडी दिसली ती चांगल्या जागेवर.

सकाळी १०:५० (दोन तास बावीस मिनिटं आधी)

ओंडक्यांच्या टप्प्यावर पहिला झटका. ड्रायव्हरनं रात्री सांगितलं, “काका, इंजिन एकदम गेलं आणि एकदम आलं. पापणी लवावी एवढाच वेळ. मला वाटलं माझाच पाय उचलला गेला असेल.” पुढच्या दोन फेऱ्यांत काहीच झालं नाही, म्हणून तो विसरला. एकटा माणूस हाडं खिळखिळी करणाऱ्या गाडीत बसलेला, डोळ्यांत माती, समोर दुसऱ्या गाडीचं मागचं चाक. त्यानं ते लक्षात कसं ठेवावं?

सकाळी ११:३५ (एक तास सदतीस मिनिटं आधी)

पेट्रोल भरायला गाडी आत आली. इथला एक क्षण मला सगळ्यात मोलाचा वाटतो. नियमाप्रमाणे इंजिन बंद करून ड्रायव्हर खाली उतरतो. गाडी थांबण्याआधी चढावरच्या शेवटच्या गचक्याला इंजिन बंद पडलं. ड्रायव्हरचा हात तेव्हा स्विचकडे निघाला होता, पोचला नव्हता. त्यानं तरी स्विच दाबला, कारण दाबायचाच असतो. ही गोष्ट फक्त पेट्रोलचा कॅन धरून उभ्या असलेल्या मुलानं पाहिली. “दादा, आधीच बंद झालं ना?” असं त्यानं विचारलंही. उत्तर द्यायला कुणाला सवड नव्हती.

ड्रायव्हर बदलला. उतरताना पहिल्या ड्रायव्हरला तो झटका आठवला आणि त्यानं सांगितलं. कप्तानानं विचार केला तो पेट्रोलचा: टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र धुळीनं बुजलं तर टाकीत निर्वात तयार होतो, पेट्रोल उतरत नाही, इंजिन अडखळतं. हा अंदाज चुकीचा नव्हता, असं होतं. झाकण पुसलं, फुंकर मारली. इंजिन एका ओढीत चालू झालं, त्यामुळे निदान बरोबर ठरल्यासारखं वाटलं.

दुपारी १२:२० (बावन्न मिनिटं आधी)

आता झटके कुंपणावरूनही दिसू लागले. गाडी उडी मारून खाली आदळली की आवाजात भोक पडायचं. पिटमध्ये बोलावलं. एअर फिल्टर झटकला, प्लग बदलला. पिटमध्ये इंजिन अर्धा मिनिट जोरात फिरवून पाहिलं, घड्याळासारखं चाललं. सहा मिनिटं गेली, गाडी परत सोडली.

उभ्या गाडीवर ते चालणारच होतं. चासी जागेवर होती, इंजिनाचे रबरी माउंट दबत नव्हते, पत्रा वाकत नव्हता. जो बिघाड गचक्यात होतो तो गचक्याशिवाय कसा दिसावा? मेंटेनन्सला मी नव्या मुलांना हेच सांगत असतो: मशीन ज्या स्थितीत बिघडतं त्या स्थितीत ते तपासायचं. हातानं हलवा, दाबा, गरम होऊ द्या. शांत उभ्या मशीनचं प्रमाणपत्र घेऊ नका.

दुपारी १२:५० (बावीस मिनिटं आधी)

इलेक्ट्रिकलवाली मुलगी इतका वेळ पिटच्या मागं सुट्या भागांची पेटी सांभाळत होती. ती कुंपणापाशी येऊन उभी राहिली आणि चार-पाच झटके नुसते ऐकले. मग कप्तानाला म्हणाली, “हे पेट्रोल नाहीये रे. पेट्रोल कमी पडलं तर इंजिन आधी फडफडतं, रडतं, मग मरतं. हे कात्रीनं कापल्यासारखं जातंय आणि तसंच परत येतंय. ठिणगी जातीये.”

त्या दिवसातलं सगळ्यात खरं वाक्य हेच. पेट्रोल, हवा, कॉम्प्रेशन यांचे बिघाड वाढत-वाढत येतात. करंट असतो किंवा नसतो. तिनं कान लावून अर्धा रस्ता कापला होता आणि हातात मीटरही होता.

कप्तान म्हणाला, “फेऱ्या होतायत ना? आत बोलावलं तर अजून पाच मिनिटं जातील. ओढू दे.” त्यालाही मी दोष देणार नाही. शर्यतीत अशीच गणितं करावी लागतात. ती गप्प बसली, पण परत पेटीकडे गेली नाही. मीटर बीपवर लावून, दोन वायर-कटर खिशात घालून तिथंच उभी राहिली.

दुपारी १:१२

ट्रॅकच्या लांबच्या टोकाला, दगडांच्या टप्प्यानंतर, इंजिन गेलं ते आलंच नाही. ड्रायव्हरनं उतरून दोरी ओढली. पुन्हा ओढली. मार्शलनं त्याला बाजूला घेतलं आणि मागून येणाऱ्यांना पिवळा झेंडा दाखवला. ओढून आणणारी गाडी यायला वेळ लागला, कारण त्याच सुमारास आणखी दोन गाड्या बंद पडल्या होत्या.

दुपारी १:३१ (एकोणीस मिनिटांनंतर)

गाडी पिटमध्ये. प्लग काढला, टोपीत बसवला, त्याचं धातूचं अंग सिलिंडरहेडला टेकवून दोरी ओढली. ठिणगी नाही. नवा प्लग लावला, तरी नाही. दोघं-तिघं एकदम म्हणाले, “कॉइल गेली. गरम होऊन गेली.” हाही ओळखीचा बिघाड, कॉइल गारव्यात चालते, तापली की मरते. एकजण शेडमध्ये सुटी कॉइल आणायला पळाला, दुसरा खिशात व्हिजिटिंग कार्ड शोधू लागला.

मुलगी म्हणाली, “कॉइलला हात लावू नका. एक मिनिट द्या मला.” तिनं कॉइलच्या अंगावरून काळी वायर उपसली. “ओढ.”

निळी ठिणगी. कडक.

प्लग बसवला, पहिल्या ओढीला इंजिन चालू. १:३८. मग तिनं एक गोष्ट केली, जी मी कधी विसरणार नाही. सुट्या वायरचं कॉइलकडचं टोक तिनं मीटरला लावलं आणि दुसरा प्रोब चासीला. स्विच चालूवर होता, कुणी काही दाबलेलं नव्हतं. मीटर सलग बीप करत राहिला. एवढ्या आवाजात कुणाला तो ऐकू येत नव्हता, म्हणून तिनं मीटर उचलून कप्तानाच्या कानाशी धरला. मग कॉइलच्या पिनेला एक तुकडा लावून तो इंजिनाच्या धातूला टेकवला आणि इंजिन बंद केलं.

बावीस मिनिटं बाकी होती आणि काळ्या वायरीवाचून गाडी धावत होती. कुणीतरी म्हणालंच, “सोडू या की तशीच. कोण बघतंय?”

तशी सोडली तर दोन्ही किल स्विच नुसते शोभेचे. गाडी उलटली, ड्रायव्हर पट्ट्यांत लटकला, तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकू लागलं, तर धावत आलेला मार्शल लाल बटण दाबत राहील आणि इंजिन चालूच राहील. कप्तानानं ड्रायव्हरकडे पाहिलं. तो हेल्मेट चढवून आत बसायच्या तयारीत होता. “नाही. नवी वायर टाका,” कप्तान म्हणाला. त्या क्षणी त्यानं शर्यत सोडली होती, हे त्याला कळत होतं.

दुपारी १:३८ ते २:००

जुनी वायर उपसत बसायला वेळ नव्हता. कॉइलपासून दोन्ही स्विचपर्यंत बाहेरूनच, रोल केजच्या पाइपाला धरून नवी वायर नेली. फायरवॉल ओलांडताना वरच्या कडेला जुन्या पेट्रोल नळीचा तुकडा चिरून बसवला आणि त्यावरून ती घेतली. दोन थिंबल, दोन सोल्डर, टेप. सात जणांचे हात एकमेकांत न अडकता चालले होते. १:५६ ला इंजिन चालू झालं, दोन्ही स्विचनी बंद झालं. गाडी पुन्हा तपासून घेण्यासाठी तांत्रिक अधिकाऱ्याला बोलावलं. तो दुसऱ्या गाडीपाशी होता. तो येऊन वाकला तेवढ्यात चौकटीचा झेंडा पडला.

दुपारी ४:१० (तीन तासांनंतर)

सीट काढली, फायरवॉल सोडवला. केबल टाय कापल्यावर काळी वायर हातात आली. भोकाच्या कडेशी आवरण एका बाजूनं भाताच्या दाण्याएवढ्या लांबीत गेलेलं, आतल्या तांब्याच्या दोन-तीन तारा तुटून पत्र्याच्या धारदार कडेत रुतलेल्या. बाकीची सगळी वायर नवीकोरी. शेजारची ब्रेक लाइटची वायर, तीही त्याच भोकातून गेलेली, अजून शाबूत होती. तिचं आवरण जाड होतं.

त्या मुलीनं तेवढा तुकडा कापला, टेपनं लॉगबुकात चिकटवला आणि शेजारी पुढच्या वर्षीच्या टीमसाठी लिहिलं: भोक तिथं ग्रोमेट, कापावा लागला तर नवा बसवल्याशिवाय गाडी सोडायची नाही. किल वायर वेगळ्या वाटेनं, स्लीव्हमध्ये, वाकण्यापुरती ढील ठेवून. कुठल्याही दुरुस्तीनंतर मीटर बीपवर लावून वायर टोकापासून टोकापर्यंत हलवायची, करणाऱ्यानं सही करायची. यादीतली ‘इलेक्ट्रिकल – ओके’ ही ओळ तिनं खोडली. तिच्या जागी अकरा ओळी आल्या, प्रत्येकीपुढं सहीसाठी रिकामी जागा.